एकोणीस क्रमांकाचा खेळाडू

फुटबॉल म्हटला की तुमच्या डोळ्यांपुढे पायाने चेंडू मारीत धावणारे खेळाडू उभे राहतात. अमेरिकेत या खेळाला ‘सॉकर’ म्हणतात. तेथे ‘फुटबॉल’ या नावाने जो खेळ घरोघर ठाऊक आहे, तो अगदी निराळा आहे. त्याचा चेंडू वाटोळा नसून लांबट व दोन्ही टोकांना निमुळता असतो. तो पायाने क्वचितच मारतात. बहुधा हातात धरून पळवतात किंवा हाताने दूर फेकतात. खेळाडूंच्या डोक्यावर शिरस्त्राण असते आणि खांद्यांवर जाड गाद्या बांधलेल्या असतात. कारण या खेळात प्रतिपक्षाच्या खेळाडूला अंगाने धडक देऊन जमिनीवर पाडण्याची मुभा आहे.

प्रत्येक संघात अकरा खेळाडू मैदानावर उतरतात. मैदानाची लांबी शंभर यार्ड असून दोन्ही टोकांना दहा दहा यार्डांचा एकेक पट्टा आखलेला असतो. चेंडू घेऊन प्रतिपक्षाच्या पट्ट्यात शिरले की ‘टचडाउन’ होतो व सहा गुण मिळतात. तेवढे साधत नसेल, तर चेंडू पायाने मारून दोन उंच खांबांमधून पलीकडे धाडता येतो. त्याचे तीन गुण. चेंडू ज्या संघाकडे असेल, त्याला चार प्रयत्न मिळतात. तेवढ्यात दहा यार्ड पुढे सरकले, तर पुन्हा चार प्रयत्न मिळतात. न सरकले, तर चेंडू प्रतिपक्षाच्या हाती जातो. असा हा यार्डायार्डाने भूमी जिंकण्याचा खेळ आहे.

या खेळात ‘क्वार्टरबॅक’ नावाचा एक खेळाडू असतो. प्रत्येक प्रयत्नाच्या आरंभी चेंडू बहुधा त्याच्याच हाती येतो. तो चेंडू कोणाला द्यावा, कोणाकडे फेकावा, की स्वतःच घेऊन पळावे, हे त्याला ठरवावे लागते. त्याच्यापुढे त्याचे सोबती भिंतीसारखे उभे राहून प्रतिपक्षाला थोपवून धरतात. पण ही भिंत फार वेळ टिकत नाही. दोन-तीन सेकंदांत धिप्पाड खेळाडू ती फोडून त्याच्या अंगावर येतात. तेवढ्या अवधीत त्याने सारे मैदान नजरेखालून घालायचे, आपला कोणता गडी मोकळा आहे ते हेरायचे आणि तीस-चाळीस यार्डांवर धावणाऱ्या त्या गड्याच्या हातात नेमका चेंडू पोहोचवायचा. आजकाल पुढचा डाव कोणता खेळायचा, हे प्रशिक्षक शिरस्त्राणात बसविलेल्या यंत्राद्वारे क्वार्टरबॅकच्या कानात सांगतात. साठ-सत्तर वर्षांपूर्वी ही सोय नव्हती. तेव्हा बहुतेक डाव क्वार्टरबॅक स्वतःच ठरवी आणि घोळका करून उभ्या असलेल्या आपल्या सोबत्यांना हलक्या आवाजात सांगे.

त्या काळच्या एका विख्यात क्वार्टरबॅकची ही हकीकत आहे. त्याचे नाव जॉन युनायटस. लोक त्याला प्रेमाने ‘जॉनी’ म्हणत.

अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यात पिट्सबर्ग नावाचे शहर आहे. तेथे दोन नद्यांच्या संगमातून ओहायो नदीचा उगम होतो. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हे शहर पोलादाच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध होते. रात्रंदिवस भट्ट्या पेटलेल्या असत आणि कोळशाच्या धुराने आकाश काळवंडलेले असे. या शहरात ७ मे १९३३ रोजी जॉनचा जन्म झाला. त्याचे आईवडील मूळच्या लिथुआनियातून आलेल्या घराण्यांतले. वडील घरोघर कोळसा पोहोचविण्याचा लहानसा धंदा करीत. जॉन पाच वर्षांचा असतानाच वडील वारले. चार मुलांचा भार एकट्या आईवर येऊन पडला. पण ती माउली डगमगली नाही. तिने धंदा चालू ठेवला, दुसरीकडे कामे केली आणि रात्रीच्या शाळेत जाऊन हिशेबनिशीचे शिक्षणही घेतले. जॉन शेजाऱ्यांच्या तळघरांत फावड्याने कोळसा ओतून दोन पैसे मिळवी व घराला हातभार लावी. संकट आले म्हणून हातचे काम टाकायचे नाही, हा धडा त्याला कोणी पुस्तकातून शिकविला नाही. तो त्याने आईच्या वागण्यातून रोज पाहिला.

शाळेत असताना जॉन फुटबॉल खेळू लागला. शाळा लहान, संघही लहान. पण या मुलाची फेक अचूक होती. मोठ्या विद्यापीठाच्या संघातून खेळावे, अशी त्याची फार इच्छा होती. नोटर डेम हे विद्यापीठ फुटबॉलसाठी साऱ्या देशात नावाजलेले. तेथे जाऊन त्याने आपला खेळ दाखविला. परंतु त्याची उंची सहा फूट असली, तरी वजन जेमतेम पासष्ट किलोच्या घरात होते. इतका कृश मुलगा या खेळातील धडकांपुढे टिकणार नाही, असे म्हणून त्यांनी त्याला परत पाठविले. पुढे त्याच्याच गावच्या पिट्सबर्ग विद्यापीठाने त्याला घेण्याची तयारी दाखविली. पण तो तेथील प्रवेशपरीक्षेत अनुत्तीर्ण झाला. अखेर दूरच्या केंटकी राज्यातील लुइव्हिल विद्यापीठाने त्याला शिष्यवृत्ती दिली. हे विद्यापीठ फुटबॉलमध्ये नामांकित नव्हते. संघात खेळाडू थोडे असल्यामुळे जॉनला चढाईच्या वेळी चेंडू फेकावा लागे आणि प्रतिपक्षाची चढाई आली की बचावातही उभे राहावे लागे. संघ अनेक सामने हरला; पण चार वर्षांत जॉनचे शरीर भरले आणि अंगावर येणाऱ्या गड्यांकडे निर्भयपणे पाहण्याची सवय त्याला जडली.

१९५५ साली पिट्सबर्गच्याच ‘स्टीलर्स’ या व्यावसायिक संघाने त्याची निवड केली. त्या वर्षी देशभरातून निवडलेल्या खेळाडूंमध्ये त्याचा क्रमांक एकशे दुसरा होता. तरीही त्याचा आनंद गगनात मावेना. आपल्या जन्मगावच्या संघातून खेळायचे, याहून मोठे भाग्य कोणते? तो सरावाच्या छावणीत दाखल झाला. पण संघात आधीच तीन क्वार्टरबॅक होते आणि चौथ्याला जागा नव्हती. हंगामापूर्वीचे सराव सामने एकामागून एक झाले. त्यांपैकी एकाही सामन्यात जॉनला चेंडू फेकण्याची संधी मिळाली नाही. हंगाम सुरू होण्यापूर्वीच त्याला संघातून काढून टाकण्यात आले. खेळ पाहून नापसंत केले असते, तर एक वेळ मनाची समजूत घालता आली असती. पण त्याचा खेळ पाहिलाच गेला नव्हता.

त्या वेळी जॉनचे नुकतेच लग्न झाले होते. संसार चालविणे भाग होते. इमारतींच्या पायासाठी जमिनीत खांब ठोकणाऱ्या टोळीत त्याने मजुरी धरली. दिवसभर हे कष्टाचे काम करावे आणि संध्याकाळी ‘ब्लूमफील्ड रॅम्स’ नावाच्या हौशी संघातून खेळावे, असा त्याचा क्रम सुरू झाला. या संघाचे मैदान हिरवळीचे नव्हते. खडे व मातीच होती. एका सामन्याचे त्याला सहा डॉलर मिळत. विद्यापीठातून शिकून आलेल्या खेळाडूने सहा डॉलरांसाठी धुळीत पडावे, याचे कोणाला हसूही आले असेल. पण जॉनचा विचार निराळा होता. पुढे कधी काळी कोणी बोलावलेच, तर आपला हात तयार असला पाहिजे, आणि हात तयार ठेवायचा तर खेळत राहिले पाहिजे.

ते बोलावणे १९५६ साली आले. मेरीलँड राज्यातील बाल्टिमोर शहराच्या ‘कोल्ट्स’ या संघाला राखीव क्वार्टरबॅक हवा होता. कोल्ट म्हणजे शिंगरू. बाल्टिमोर परिसरातील घोड्यांच्या शर्यतींच्या व पैदाशीच्या परंपरेवरून संघाला हे नाव पडले होते. संघाच्या चालकांनी जॉनला टेलिफोन करून चाचणीसाठी बोलाविले. त्या टेलिफोनला ऐंशी सेंट खर्च आला, असे सांगतात. संघाचे प्रशिक्षक वीब यूबँक यांनी त्याची फेक पाहिली आणि त्याला ठेवून घेतले. त्याला एकोणीस क्रमांकाचा अंगरखा मिळाला.

तरीही सामना सुरू झाला की जॉन बाहेर बाकावरच बसलेला असे. मुख्य क्वार्टरबॅक जॉर्ज शॉ हा गुणी खेळाडू होता. २१ ऑक्टोबर १९५६ रोजी शिकागोच्या ‘बेअर्स’ संघाशी सामना चालू असताना शॉच्या गुडघ्याला जबर दुखापत झाली आणि प्रशिक्षकांनी जॉनला मैदानावर पाठविले. ज्या क्षणाची वर्षभर वाट पाहिली, तो क्षण आला होता. जॉनने पहिली फेक केली. प्रतिपक्षाच्या एका चपळ गड्याने ती वाटेतच झेलली आणि तो थेट टचडाउन करून मोकळा झाला! त्यानंतर जॉनच्या हातून चेंडूही निसटला. कोल्ट्स संघ तो सामना ५८ विरुद्ध २७ अशा गुणांनी हरला.

मुलांनो, तुम्ही त्याच्या जागी असता, तर तुम्हांला काय वाटले असते? दोन विद्यापीठांत जागा मिळाली नाही, एका संघाने काढून टाकले आणि कशीबशी मिळालेली संधी अशी वाया गेली. खाली मान घालून घरी निघून जावे, असेच कोणालाही वाटले असते. पण क्वार्टरबॅकला मागच्या फेकीचा शोक करीत बसता येत नाही. तिच्यातील चूक ध्यानात घ्यायची आणि पुढच्या फेकीकडे पाहायचे, एवढेच त्याच्या हाती असते. यूबँक यांनीही धीर सोडला नाही. पुढच्या सामन्यात त्यांनी जॉनलाच उतरविले. तो सामना कोल्ट्सने जिंकला. शॉ बरा होऊन परतला, तेव्हा मुख्य क्वार्टरबॅकची जागा जॉनची झाली होती. शॉच्या दुर्दैवाने जॉनला दार उघडून मिळाले, हे खरे; पण त्या दारातून आत जाण्याची तयारी त्याने ब्लूमफील्डच्या धुळीत केलेली होती.

कोल्ट्स संघात जॉनला एक जिवाभावाचा सोबती मिळाला. त्याचे नाव रेमंड बेरी. चेंडू झेलणे हे त्याचे काम. त्याची दृष्टी अधू होती, म्हणून तो डोळ्यांत भिंगे घालून खेळे. धावण्यातही तो फार वेगवान नव्हता. पण कोणत्या जागी किती पावलांनी पोहोचायचे व कोठे वळायचे, याचा तो बारकाईने अभ्यास करी. बोटे बळकट व्हावीत म्हणून तो रबरासारखा लवचीक गोळा हातात घेऊन दाबीत असे. सराव संपून इतर खेळाडू निघून गेले, तरी जॉन आणि बेरी मैदानावर मागे राहत. जॉनने फेकावे आणि बेरीने झेलावे. डावीकडून, उजवीकडून, उंच, खाली, जमिनीलगत. पुढे पुढे असे झाले की बेरी वळण्यापूर्वीच जॉनच्या हातून चेंडू सुटे आणि बेरी वळून पाहतो, तो चेंडू समोर आलेला असे. प्रेक्षकांना हा चमत्कार वाटे. त्यामागे शेकडो संध्याकाळींचा घाम होता, हे थोड्यांनाच ठाऊक होते.

या सरावाची खरी परीक्षा २८ डिसेंबर १९५८ रोजी झाली. न्यूयॉर्क शहरातील यांकी स्टेडियममध्ये अजिंक्यपदाचा सामना होता. समोर न्यूयॉर्कचाच ‘जायंट्स’ हा बलाढ्य संघ. चौसष्ट हजारांहून अधिक प्रेक्षक मैदानाभोवती जमले होते आणि कोट्यवधी लोक घरी दूरचित्रवाणीसमोर बसले होते. मध्यंतरापर्यंत कोल्ट्सने १४ विरुद्ध ३ अशी आघाडी मिळविली. उत्तरार्धात मात्र जायंट्सने जोर केला आणि १७ विरुद्ध १४ असे गुण करून ते पुढे गेले. दिवस मावळला, दिवे लागले. खेळ संपण्यास एक मिनिट छप्पन सेकंद उरले असताना चेंडू कोल्ट्सकडे आला. तोही कोठे? त्यांच्या स्वतःच्या टोकापासून अवघ्या चौदा यार्डांवर. पुढे शहाऐंशी यार्डांचे मैदान पसरले होते.

जॉनने फेक केली. ती वाया गेली. दुसरी केली, तीही वाया गेली. तिसरी फेक लेनी मूर या गड्याने झेलली आणि अकरा यार्ड मिळाले. पुढची फेक पुन्हा फुकट. घड्याळाचे काटे थांबत नव्हते. आता जायंट्सच्या एका बचाव खेळाडूने बेरीच्या अगदी समोर येऊन वाट अडविली. ठरलेला डाव या स्थितीत खेळणे शक्य नव्हते. परंतु असा गडी समोर उभा ठाकला तर काय करायचे, याचा विचार जॉन व बेरी यांनी पूर्वीच करून ठेवला होता. दोघांनी एकमेकांकडे पाहिले. एक शब्दही बोलावा लागला नाही. बेरीने बाहेर जाण्याची हूल दिली आणि तो चटकन आत वळला. त्याच क्षणी चेंडू त्याच्या हातांत होता. पंचवीस यार्ड! लगेच दुसरी फेक बेरीकडे, पंधरा यार्ड. तिसरी फेकही बेरीकडेच, बावीस यार्ड. तीन फेकींत बासष्ट यार्ड भूमी कोल्ट्सने जिंकली. आता प्रतिपक्षाचे टोक तेरा यार्डांवर आले होते. स्टीव्ह मायरा याने धावत येऊन चेंडू पायाने मारला. तो खांबांमधून पलीकडे गेला, तेव्हा खेळ संपण्यास सात सेकंद उरले होते. १७ विरुद्ध १७!

अजिंक्यपदाचा सामना असा बरोबरीत सुटण्याची ती पहिलीच वेळ. जादा वेळ खेळायचा आणि जो संघ प्रथम गुण करील तो विजयी, असा नियम होता. नाणेफेक जायंट्सने जिंकली व पहिल्यांदा चेंडूही त्यांनाच मिळाला. पण कोल्ट्सच्या बचावाने त्यांना दहा यार्ड सरकू दिले नाही. चेंडू परत आला. या वेळी ऐंशी यार्ड जायचे होते. जॉनने घाई केली नाही. कधी चेंडू पळविण्याचा डाव, तर कधी फेकण्याचा डाव, असे आलटूनपालटून खेळत त्याने प्रतिपक्षाला बुचकळ्यात टाकले. टोक आठ यार्डांवर आले, तेव्हा आता चेंडू पायाने मारून तीन गुण घ्यावेत, असे पाहणाऱ्यांना वाटले. तेवढ्यानेही सामना जिंकता आला असता. परंतु जॉनला बचावातील एक फट दिसली होती. त्याने जिम मशेलर या गड्याकडे चेंडू फेकला व टोक एका यार्डावर आणले. पुढच्याच डावात ॲलन अमिची हा दणकट गडी चेंडू छातीशी धरून पट्ट्यात घुसला. तेरा डावांत ऐंशी यार्ड पार झाले. कोल्ट्स संघ २३ विरुद्ध १७ असा जिंकला. आजही अनेक जाणकार या सामन्याचा उल्लेख ‘आजवरचा सर्वश्रेष्ठ सामना’ असा करतात. व्यावसायिक फुटबॉल साऱ्या अमेरिकेत घरोघर पोहोचला, त्यात या सामन्याचा मोठा वाटा आहे.

पुढच्याच वर्षी, १९५९ साली, कोल्ट्सने पुन्हा अजिंक्यपद मिळविले. १९५६ च्या डिसेंबरपासून १९६० च्या डिसेंबरपर्यंत ओळीने सत्तेचाळीस सामन्यांत जॉनने प्रत्येकी निदान एक तरी टचडाउनची फेक केली. हा विक्रम बावन्न वर्षे कोणालाही मोडता आला नाही. २०१२ साली ड्रू ब्रीज या खेळाडूने तो मोडला. १९५९, १९६४ व १९६७ या तिन्ही वर्षी जॉन त्या हंगामातील सर्वांत मोलाचा खेळाडू ठरला. एवढी कीर्ती मिळाली, तरी त्याचा साधेपणा गेला नाही. बारीक कापलेले केस आणि घोट्याच्या वर येणारे काळे बूट, हाच त्याचा वेश अखेरपर्यंत राहिला.

पण दैवाचे फासे सदासर्वदा अनुकूल पडत नाहीत. १९६८ च्या हंगामापूर्वी एका सराव सामन्यात जॉनच्या उजव्या कोपराला दुखापत झाली. एकेकाळी शॉच्या जागी जॉन आला होता. आता जॉनच्या जागी अर्ल मोरल आला आणि तो उत्तम खेळला. जॉनला पुन्हा बाकावर बसणे आले. १७ जानेवारी १९७१ रोजी कोल्ट्सने ‘सुपर बोल’ हा अजिंक्यपदाचा सामना जिंकला. त्यात जॉनने पंचाहत्तर यार्डांचा एक टचडाउन साधून दिला. परंतु बरगड्यांना मार बसल्यामुळे त्याला मैदान सोडावे लागले आणि उरलेला सामना मोरलने पुरा केला. १९७३ चा हंगाम जॉन सॅन डिएगोच्या संघाकडून खेळला आणि १९७४ साली निवृत्त झाला. १९७९ साली फुटबॉलच्या कीर्तिमंदिरात त्याचे नाव कोरले गेले.

त्याच्या फेकींनी मिळविलेल्या भूमीचा हिशेब ४०,२३९ यार्ड इतका भरला. चाळीस हजार यार्डांचा टप्पा ओलांडणारा तो पहिलाच क्वार्टरबॅक. त्याच्या टचडाउनच्या फेकी २९० होत्या. याच नोंदवहीत आणखी एक आकडा आहे. त्याच्या २५३ फेकी प्रतिपक्षाने वाटेतच पकडल्या. शिकागोच्या सामन्यातली ती पहिली फेक त्यांतलीच एक. कीर्ती गाणारे लोक हा दुसरा आकडा सहसा सांगत नाहीत. पण फेकणाऱ्याला दोन्ही आकडे ठाऊक असतात. त्यांतला दुसरा सोसल्यावाचून पहिला मिळत नाही, हेही त्याला ठाऊक असते.

या पराक्रमाची किंमतही जॉनने मोजली. ज्या उजव्या हाताने त्याने हजारो फेकी केल्या, त्याच हाताची बोटे पुढे नीट मिटेनाशी झाली. म्हातारपणी गोल्फ खेळताना काठी हातात धरवेना, म्हणून ती तो पट्ट्याने हाताला बांधून घेई. या खेळातील धडकांनी शरीराची, विशेषतः मेंदूची, किती हानी होऊ शकते, हे आज वैद्यकशास्त्राने दाखवून दिले आहे. त्यामुळे नियम अधिक कडक झाले आहेत. खेळाचा आनंद मोठा खरा. पण खेळाडूचे शरीर त्याहून मोलाचे आहे, हे विसरून चालणार नाही.

१९८४ च्या मार्च महिन्यात कोल्ट्स संघाच्या मालकाने एका रात्रीत सारे सामान मालमोटारींत भरून संघ इंडियानापोलिस शहरी हलविला. बाल्टिमोरचे लोक सकाळी उठून पाहतात, तो संघ निघून गेलेला! जॉनला याचे फार दुःख झाले. आपण बाल्टिमोरच्या लोकांसाठी खेळलो, दुसऱ्या गावी गेलेला संघ आपला नव्हे, अशी भूमिका त्याने घेतली आणि ती शेवटपर्यंत सोडली नाही. ज्या गावाने नाकारलेल्या खेळाडूला जवळ केले, त्या गावाला त्याने अंतर दिले नाही. ११ सप्टेंबर २००२ रोजी बाल्टिमोरजवळच, व्यायाम करीत असताना, हृदयविकाराने त्याचे निधन झाले.

आज बाल्टिमोरच्या मोठ्या क्रीडांगणाबाहेर जॉन युनायटसचा ब्राँझचा पुतळा उभा आहे. चेंडू फेकण्यासाठी हात मागे नेलेला, नजर दूर कोठे तरी लागलेली. सामना पाहण्यासाठी जाणारे लोक जाता जाता त्याच्या बुटाला हात लावतात. पिट्सबर्गच्या ज्या संघात चौथ्या क्वार्टरबॅकला जागा नव्हती, त्याच संघाचे खेळाडूही सामन्यासाठी दरवर्षी या क्रीडांगणावर येतात.

अभ्यास

१. अमेरिकन फुटबॉल व आपण ज्याला फुटबॉल म्हणतो तो खेळ, यांतील फरक सांगा.
२. क्वार्टरबॅकला दोन-तीन सेकंदांत कोणकोणती कामे करावी लागतात?
३. जॉनला कोणी कोणी नाकारले? प्रत्येक वेळी कारण काय होते?
४. ‘तयारी त्याने ब्लूमफील्डच्या धुळीत केलेली होती’ या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.
५. १९५८ च्या सामन्यातील शेवटच्या दोन मिनिटांचे वर्णन तुमच्या शब्दांत लिहा.
६. पुढील वाक्प्रचारांचा अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा : आनंद गगनात न मावणे, बुचकळ्यात टाकणे, हातभार लावणे, हूल देणे, अंतर न देणे.